अर्थिंगचं मीठ

जितू, तुझी मशीन अजून तिथंच हाय, पडवीत. कापायचा तो बिट मखराच्या कमानीत अर्धा घुसला होता तसाच घुसलेला हाय, कोणी काढला नाय. तुझी आई त्या बाजूनं जातच नाय, बाबा जातात पण मान खाली घालून, आन मी लांबून बघते. वीस दिवस झाले. वीस दिवस मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडते आन तू काय उत्तर देत नाय. जिवंत होतास तवा पण तू भांडणात असाच गप्प बसायचास आन मंग एकदम हसायचास. आता हस ना.

लोक येतात, ओटीवर बसतात, बोलतात चांगला होता, हुशार होता, हातात कला होती. मी मान हलवते. मला ओरडावंसं वाटतं, एवढा हुशार होता तर खड्डा का नाय खणला? एक खड्डा, छातीएवढा, मोरीच्या मागं. मोबाईलवर बघून बघून घरात मशीन बांधली, आन जमिनीत खड्डा मारायला तुला टाइम नव्हता.

कळंबोलीच्या त्या फर्निचरच्या कारखान्यात तुला कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, लाकूड कापायच्या मोठ्या मशीनला हात लावू द्यायचे नाय, मला माहीत हाय. प्लाय चढवायचा, उतरवायचा, भुसा झाडायचा, बस. तू घरी येऊन बोललास, "रेश्मा, ती मशीन काय करते ते मला सगळं समजलंय. मी घरी बनवतो." मी पोटुशी होती, मला वाटलं ह्याला ताप आलाय. मंग तू लोखंड बाजारातून भंगाराच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणल्यास, मोटरी आणल्यास, एवढ्या एवढ्या डब्यासारख्या, वायरींची जाळी आणलीस. आपल्या लग्नातलं टेबल घेतलंस खाली ठेवायला, मला विचारलं पण नाय. आर्वीचा पाळणा एका कोपऱ्यात आन मशीन पडवीभर. भुसा तर पिठात, भुसा तिच्या दुपट्यावर, तुझ्या कानात भुसा. आई बोलायची, "ह्या घरात आता वरणाला पण लाकडाची चव लागते." तू बोललास, "आई, सागवानाची चव हाय, लोकं पैसे देऊन खातील." आई हसली होती तवा. आता आई कशालाच हसत नाय.

पहिल्यांदा मशीन चालवलीस तवा तिला गोल काढायला सांगितलंस आन तिनं अंडं काढलं. मी एवढी हसली एवढी हसली की आर्वी पोटात लाथा मारायला लागली. तू नाय हसलास. तीन दिवस तू त्या अंड्याच्या मागं होतास, एक मोटर जास्ती पळते का दुसरी कमी पळते, स्क्रू सोडायचा, आवळायचा, परत अंडं. चौथ्या दिवशी गोल आला. तू तो लाकडाचा गोल माझ्या हातात दिलास, माझी बांगडी काढून त्याच्यावर ठेवलीस, इकडं नाय तिकडं नाय, बरोबर बसली. तो गोल मी हळदीच्या डबीवर झाकण म्हणून वापरते. अजून वापरते. कालच तो हातात घेऊन डबीजवळ खाली बसली आन उठली नाय किती वेळ. मंग तुझा राग आला म्हणून उठली.

खोटं कशाला बोलू, तू मला शिकवलंस. मी आठवीत शाळा सोडली, गणित आलं की मला घाम यायचा, मास्तर बोलायचे हिच्या डोक्यात मिठागर हाय. तू मला मिलिमीटर शिकवलास, तुझी बांगडी दोन मिलिमीटर जाड हाय, एवढं लक्षात ठेव बोललास, बाकी सगळं बांगडीनं मोज. मी मोजायला लागली. मशीनचा झिरो, म्हंजे तिनं मोजायला सुरू करायची जागा, कुठं धरायचा ते मला येतं. कागद बिटच्या खाली सरकवायचा, अडकला की झिरो, ते मला येतं. लाल बटण कदी मारायचं ते येतं. हळदीच्या स्टेजवर लावायला नवरा-नवरीची नावं कापायचास तू, गावात दर हळदीला आपल्याकडची नावं असायची. पहिलं नाव मी एकटीनं कापलं तवा तू मोबाईलवर शूटिंग केलंस आन तुझ्या दोस्तांना पाठवलंस, आमची इंजिनीयर बघा. मला लाज वाटली. बरं पण वाटलं. तुला सांगितलं नाय कदी किती बरं वाटलं ते.

आन त्याच मशीननं मला पहिल्यांदा सांगितलं होतं की काय तरी चुकतंय. तिनं सांगितलं, मी तुला सांगितलं, आन तू ऐकलं नाय.

मी पडवी पुसत होती, पाय ओले, मशीनच्या पट्टीला हात टेकला. हातात झिणझिण्या. मुंग्या नाय, मुंग्या वेगळ्या, ह्या आत खोल जातात, हाडापर्यंत. मी बोलली, "जितू, तुझी मशीन करंट मारते." तू टेस्टर लावलास, टेस्टर बारीक पेटला, मी बघितला ना पेटलेला. तू बोललास, "थोडंसं लिकेज असतं गं, सगळ्या मशीनीला असतं. चप्पल घाल." मी चप्पल घातली. दुसऱ्या दिवशी तू नाक्यावर सगळ्यांना सांगितलंस, "आमच्या बायकोला मशीन चावते." सगळे हसले. मी भाजी घेऊन येत होती तर तो पानवाला पण विचारतो, "काय वहिनी, आज चावली का?" मला एवढी चीड आली होती तुझी. तेवढी चीड पुरली नाय. मी तवा तांडव करायला पायजे होतं, वायरी तोडायला पायजे होत्या, पोरीला घेऊन माहेरी जायला पायजे होतं. मी चप्पल घातली.

असं पण नाय की तुला माहीत नव्हतं. पनवेलवरून रफीकभाय वायरमनला तूच बोलावलंस. त्यांनी बोर्ड उघडला, बघितलं, आन डोक्याला हात लावला. आपल्या घराला अर्थिंगच नाय बोलले. तीन पिनांचं बोर्ड हाय पण तिसऱ्या भोकात काय नाय, मागं वायरच नाय, शोभेला हाय. तुला बोलले, "बेटा, मोरीमागं खड्डा मारून ठेव. कोळसा आण, मीठ आण, त्यानं जमीन ओली राहते, करंट खाली उतरतो. तांब्याची प्लेट मी घेऊन येतो, खाली गाडतो, तिची वायर बोर्डाला जोडतो. आन एक लिकेजचा स्विच बसवतो. कुठं करंट फुटला तर तो आपोआप पडेल, माणूस वाचेल." मी दारात उभी राहून सगळं ऐकलं. माणूस वाचेल, हे पण ऐकलं.

मीठ ऐकल्यावर बाबा किती खूश झाले आठवतं? सगळी जिंदगी मिठागरात गेली त्यांची, मिठागरं बुजली तरी पायाच्या भेगा तशाच हायत. बोलले, "मीठ दुकानातून आणायचं नाय, आमच्या घरात दुकानाचं मीठ? मी आणतो." उरणच्या बाजूला त्यांच्या दोस्ताचं थोडं मिठागर राहिलंय, होळी झाल्यावर तिथून दोन गोणी आणल्या, जाडं मीठ, खड्याखड्याचं, दाराच्या मागं उभ्या करून ठेवल्या. कोळसा आला. आन तू बोललास, "येत्या रविवारी खणतो."

येत्या रविवारी कुणाच्या हळदीचं काम आलं. त्याच्या पुढच्या रविवारी मशीनचा बेल्ट तुटला. मंग ऊन लई हाय, जमीन दगडासारखी झालीय, पाऊस पडला की खणतो. मंग पाऊस लई हाय, खड्ड्यात पाणी भरंल, पाऊस थांबला की खणतो. जितू, मी मोजले नाय ते रविवार. मोजायला पायजे होते, मोजायला तर तूच शिकवलं होतंस.

आन आता ते सांगते जे मी कोणाला सांगितलं नाय, आईला नाय, बाबांना नाय. त्या गोणीतलं मीठ मी काढलं. कैऱ्या आल्या होत्या, माहेरून दादानं पिशवी भरून दिल्या होत्या, खारात घालायच्या होत्या, आन घरात जाडं मीठ समोर उभं. मी तांब्या तांब्या काढत राहिली. मंग आईनं बांगडे खारवायला काढलं, शेजारच्या काकूंनी मागितलं त्यांना मी दिलं, आन एक गोणी बसली खाली. तू बघितलंस. कैरीची बरणी हलवून बोललास, "अर्थिंगचं मीठ खाल्लंस ना माझं? आता शॉक लागला तर ह्या कैरीला सांग." आन हसलास. मी पण हसली. मी पण हसली, जितू.

त्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी आर्वीला मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होती. मशीनचा आवाज येत होता, तो बारीक किंचाळल्यासारखा आवाज, खारघरच्या बाईंचं मखर कापत होतास, गणपती जवळ आले होते. आवाज बदलला नाय. हेच मला समजत नाय अजून, आवाज जरा पण बदलला नाय. मोटर थंड ठेवायचं पाणी फिरत नव्हतं म्हणून तू बादलीत हात घातलास, आत बुडवलेल्या त्या स्वस्तातल्या पंपाला हलवायला, आन दुसरा हात पट्टीवर. अनवाणी. मला चप्पल घाल बोललास आन स्वतः अनवाणी. मशीन कापत राहिली आन मी तांदूळ निवडत राहिली. मंग आर्वीनं त्या बाजूला हात केला, तुला बाबा बाबा करायची ती, म्हणून मी पडवीत आली.

तू मला सांगितलं होतंस, कोणाला करंट लागला तर हात लावायचा नाय, आधी मेन स्विच पाडायचा. कितीदा सांगितलंस, आर्वी झाल्यावर तर रोज. आन मी तसंच केलं. दोन पावलांवर तू होतास, माझ्या कडेवर पोरगी, आन मी तुला हात नाय लावला. मी मेनकडं धावली. मेन पाडला. मंग तुला धरलं. तोपर्यंत काय राहिलं नव्हतं, पनवेलला दवाखान्यात नेलं ते नुसतं नेलं. तुझं ऐकलं म्हणून मी हाय, आर्वी हाय, सगळे हेच बोलतात, शहाणी पोर, बरोबर केलं. मी तुझं एवढं ऐकलं आन तू माझं एक ऐकलं नाय. हे मी कुठं नेऊन ठेवू? मला तुझे आभार पण मानायचे हायत आन तुझी कॉलर पण धरायची हाय, आन कॉलर नाय आता.

खारघरच्या बाईंचा फोन आला दोन दिवसांनी, मखर झालं का. मी बोलली माणूस गेला. त्या रडायलाच लागल्या, बोलल्या माझ्या मखरासाठी गेला. मीच त्यांना समजावलं, नाय हो ताई, तुमच्यासाठी नाय. फोन ठेवल्यावर मला हसू आलं आन मंग मी भिंतीला डोकं लावून बसली.

तवापासून चौदा दिवस मी स्विचला हात लावला नाय. पंखा आई लावायची, नायतर मी लाटण्यानं दाबायची. आर्वी भिंत धरून चालायला लागलीय, तू बघितलं नाय, तुझ्या सातव्या दिवशी चालली. चालते आन जाऊन फ्रिजचा दरवाजा चाटते. गार लागतो ना. जवा जवा ती फ्रिजकडं जाते मी धावते, उचलते, ती रडते. दिवसातून वीस वेळा. आईला वाटतं माझं डोकं फिरलंय.

आई बोलली, "ती मशीन भंगारात द्या. माज्या पोराला खाल्लं तिनं. ती गेली की घर शांत होईल." सगळे हो बोलले, टेम्पो पण ठरवायला निघाले. मी सगळ्यांसमोर कदी बोलत नाय, पण बोलली, "आई, मशीन गेली तरी फ्रिज हाय. मिक्सर हाय. वॉशिंग मशीन हाय. सगळ्यांची तिसरी पिन त्याच भोकात जाते जिथं काय नाय. जितूला मशीननं नाय खाल्लं. मशीनचं काय करायचं ते नंतर बघू. पयला खड्डा."

आई बोलली, "सुतकात दारात कुदळ मारायची?"

मी बोलली, "तेरावं होऊ दे, मंग मारू. पण त्याच्या पुढं एक दिवस नाय."

चौदाव्या दिवशी सकाळी आवाज आला म्हणून मी मोरीमागं गेली तर बाबा खणत होते. ह्या वयात, धोतर वर खोचून. पाऊस बारीक चालू होता. मी आर्वीला आईकडं दिलं आन घमेलं उचललं. बाबा खणायचे, मी माती काढायची. पाणी आलं खड्ड्यात, तू बोललास तसं आलं. मी बादलीनं काढलं. झालं. दुपारच्या जेवणाच्या आधी खड्डा झाला, जितू. एक म्हातारा आन एक बाई, पावसात, एका सकाळीत. मी त्या खड्ड्यात बघून तुला शिवी दिली. मोठ्यानं दिली. बाबांनी ऐकली आन कुदळ टेकवून बोलले, "मी पण मीठ आणून ठेवलं आन बसलो गं. मला वाटलं माजं काम झालं."

तवा मला राहवलं नाय. रफीकभाय प्लेट घेऊन आले होते, गोणी सोडत होते, एक भरलेली आन एक बसलेली. मी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं, "रफीकभाय, ह्यातलं मीठ मी कैऱ्यांना घातलं. म्हणून राहिलं का अर्थिंग? माझ्यामुळं राहिलं का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. बोलले, "बेटा, मीठ काय सोनं हाय का? कुठल्या पण दुकानात भेटतं. आन ही एक गोणी पण पुरली असती. मी त्याला फोन केला दोनदा तीनदा, खड्डा झाला का रे. त्यानं एकदा पण मला मीठ संपलं असं सांगितलं नाय. बोलला, येत्या रविवारी."

मी खालीच बसली चिखलात. ते चौदा दिवस मी ती बरणी बघत होती आन स्वतःला खात होती. आन तू हसून बोलून गेलास, कैरीला सांग. तुला ते आठवत पण नसेल. मला माफ कर असं बोलणार होती मी तुला, रोज रात्री जिभेवर यायचं. आता नाय बोलणार. आता तू बोल.

त्यांनी प्लेट खाली सोडली, कोळसा, मीठ, परत कोळसा, परत मीठ. मंग बोलले थोडं मिठाचं पाणी घालायला लागतं वरून. मी घरात गेली आन ती बरणी घेऊन आली. तू गेल्यावर त्या कैऱ्या कोणी खाल्ल्याच नव्हत्या, तूच खायचास. रफीकभाय बोलले, "अगं कैरी नको टाकू हां खाली, नुसतं पाणी चालेल." बाबा जरा हसले. पहिल्यांदा. मी पदर धरला बरणीच्या तोंडाला आन सगळा खार ओतला. तुझं मीठ तुला परत दिलं. हिशोब मिटला नाय, समजू नको.

बोर्डाला वायर जोडली. बादलीतला तो पंप रफीकभायनी स्वतः तोडून टाकला. मशीनच्या पट्टीला पण वायर जोडली, तिसऱ्या भोकाला आता मागं खरंच वायर हाय. मेनजवळ तो लिकेजचा स्विच बसवला, पांढरा, माझ्या तळहाताएवढा. त्याच्यावर छोटंसं बटण हाय. रफीकभाय बोलले, "हे दाबलं की खटका पडला पायजे. पडला म्हंजे स्विच जिता हाय. महिन्यातून एकदा दाबून बघायचं." आन बाजूला झाले. "तू दाब."

मी बोलली मी नाय. लाटणं पण हातात नव्हतं. आर्वी आईच्या कडेवरून माझ्याकडं वाकत होती. पाय ओले होते माझे, चिखलाचे, अनवाणी.

मी दाबलं.

खट.

पंखा थांबला, फ्रिजची घरघर थांबली, सगळं घर गप्प. आर्वीनं टाळ्या वाजवल्या. एवढासा आवाज, जितू. पोरीनं चमचा खाली टाकला तर ह्याच्यापेक्षा मोठा होतो. एवढासा आवाज त्या दिवशी आला असता तर मी आतून ओरडली असती, काय रे, लाइट गेली का, आन तू ओरडला असतास, काय नाय गं, बसल्या जागी बस. आन आपण जेवलो असतो.

मी परत खटका वर केला आन परत दाबलं. खट. परत. रफीकभाय बोलले बेटा बस, खराब होईल. मंग मी पडवीत गेली, तशीच ओल्या पायानं, आन मशीनच्या पट्टीला हात टेकला, त्याच जागी. काय नाय. गार पट्टी नुसती. झिणझिण्या नाय, काय नाय. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. मला एवढा राग आला की मी पट्टीवरून हात उचललाच नाय.

मशीन अजून ठेवलीय. आईला सांगितलं, टेम्पो नको सध्या. तुझा बिट त्या कमानीतून मी काढीन, मला येतं, पण आज नाय. आर्वी फ्रिज चाटते, मी आता वीस वेळा नाय धावत, दहा वेळा धावते.

आन तो स्विच. महिन्यातून एकदा बोललेत रफीकभाय. मी दर रविवारी दाबणार हाय. आंघोळ झाली की पहिलं ते. आर्वी मोठी झाली की तिला पण दाबायला लावीन, आन तिनं विचारलं रविवारीच का, तर सांगीन, तुझ्या बापाचं एक काम राहिलं होतं रविवारचं.